तीन दिवसांत चीन ‘कव्हर’ होत नाही, बरं का!

‘चायनीज’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कॉलेजच्या गेटसमोरची लाल गाडी, तिच्यावर रंगवलेला ड्रॅगन, भडकलेल्या शेगडीवर उडणारी कढई आणि ‘दादा, एक ट्रिपल शेजवान, तिखट जास्त’ ही रोजची ऑर्डर. आता गंमत बघा. चिकन मंच्युरियनचा जन्म मंचुरियात झालेला नाही, तो आपल्या मुंबईतला. कोलकात्यात जन्मलेले शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास तो पदार्थ मुंबईत पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. आणि ‘शेजवान’ म्हणजे सिचुआन. चीनच्या नैऋत्येकडचा एक मोठा प्रांत. तिथल्या माणसासमोर आपली शेजवान चटणी ठेवली, तर तो विचारेल, ‘हे काय आहे?’

यात वाईट काही नाही. गाडीवरचं चायनीज मलाही आवडतं आणि ते आता आपलंच झालंय. प्रश्न वेगळा आहे. त्या प्लेटबरोबर चीनविषयीची मतंही आपल्याला तयारच मिळतात. एकीकडे ‘चिनी माल, दोन दिवसांत बाद’, ‘ते लोक काहीही खातात’. दुसरीकडे झगमगत्या इमारतींचे, बुलेट ट्रेनचे रील्स आणि खाली कमेंट, ‘आपण कधी सुधारणार?’ एकात तुच्छता, दुसऱ्यात भारावलेपण. दोन्हींमध्ये माणूस कुठेच दिसत नाही.

२०२० पासून बंद असलेली भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तुमच्यापैकी काहींच्या ग्रुपवर किंवा घरी ‘चार दिवस चीनला जाऊन येऊ या का?’ अशी चर्चा सुरू झाली असेल. कुणी परीक्षा संपल्यावर जाणार असेल, कुणी पहिल्या नोकरीचे पैसे साठवून. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात असं: तीन दिवसांच्या सहलीत चीनविषयी मत बनत नाही. पण आधीची फुकटात मिळालेली मतं मात्र गळून पडू शकतात. अट एकच. एकच शहर निवडा, कमी बघा आणि सावकाश खा. मी ज्या शहरावरून हे सांगतेय, ते शहर म्हणजे शीआन.

शीआनच का?

शांघाय आणि बीजिंग सोडून हे कुठलं काढलं, असं वाटेल. पण शीआनशी तुमची ओळख जुनी आहे, फक्त नाव वेगळं होतं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग आठवतो? तो भारतातून परत गेला ते याच शहरात. तेव्हा त्याचं नाव चांगआन. थांग राजवटीची ही राजधानी आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. इराणी व्यापारी, मध्य आशियातले वादक, भारतातले बौद्ध भिक्षू, अरब, सिरियाकडचे ख्रिस्ती धर्मगुरू असे सगळे इथे येऊन राहत. शहरातल्या ‘शिलालेखांचं वन’ नावाच्या संग्रहालयात इसवी सन ७८१ चा एक शिलालेख आहे. चीनमध्ये ख्रिस्ती धर्म कसा आला, याची हकिकत त्यावर चिनी भाषेत कोरलेली आहे आणि सोबत सिरियाक लिपीतही मजकूर आहे. म्हणजे ‘चीन म्हणजे सगळं एकसारखं’ या समजुतीला पहिला धक्का तिथेच बसतो.

दुसरं कारण सोयीचं. जुन्या शीआनला चहूबाजूंनी भिंत आहे, मिंग राजवटीत चौदाव्या शतकात बांधलेली. घेर साधारण पावणेचौदा किलोमीटर, उंची बारा मीटर आणि वरची रुंदी इतकी की आरामात सायकल चालवता येते. वर सायकली भाड्याने मिळतात. संध्याकाळी एक फेरी मारा. डाव्या हाताला जुनी कौलारू छपरं, उजव्या हाताला काचेचे टॉवर, आणि मधून तुम्ही. भिंतीच्या आतलं शहर पायी फिरण्याजोगं आहे. मधोमध १३८४ साली बांधलेला घंटा मनोरा, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर १३८० चा नगारा मनोरा. पहाटे घंटा आणि सांजेला नगारा, अशी शहराची वेळ पूर्वी चालायची.

रील्समधला कार्यक्रम कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘४८ तासांत शीआन : २० ठिकाणं, ३० पदार्थ’. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, उडी मारायची, फोटो काढायचा आणि पळायचं. असं केलं की संध्याकाळी पाय दुखतात आणि आठवतं काहीच नाही. त्यापेक्षा पहिला पूर्ण दिवस भिंतीच्या आत. दुसरा दिवस युआन श्वांगच्या मनोऱ्यासाठी. तिसरा मातीच्या सैन्यासाठी. बस, एवढंच. उरलेला वेळ खाण्याला द्या, कारण या शहराचा खरा गाइड तेच आहे.

भाकरी तुमची, रस्सा त्यांचा

नगारा मनोऱ्याच्या मागे मुस्लीम मोहल्ला सुरू होतो. ‘चीनमध्ये मुस्लीम मोहल्ला?’ असं वाटलं ना? हे हुई लोक. चिनीच बोलतात, चिनी दिसतात आणि शेकडो वर्षं इथेच राहतात. दुकानांवर ‘छिंगझेन’ अशी पाटी असते, म्हणजे हलाल. मुख्य रस्त्यावर पर्यटकांची तोबा गर्दी, ग्रिलवरच्या मटणाचा धूर, डाळिंबाचा रस, खजूर घालून वाफवलेला चिकट भात, पिकलेल्या पर्सिमनच्या गराच्या तळलेल्या गोड टिक्क्या. फोटोंसाठी तो रस्ता झकास आहे. पण पोट भरायला आतल्या गल्ल्यांत शिरा. साजिनच्याओ नावाच्या रस्त्याकडे गेलात तर गर्दी गावातल्या माणसांची दिसेल.

तिथे ‘यांगरोउ पाओमो’ मागवा. बोकडाच्या किंवा मेंढीच्या मटणाचा पांढुरका, दाट रस्सा आणि त्यात भाकरीचे तुकडे. पण आधी तुमच्यासमोर येतो रिकामा वाडगा आणि एकदोन जाड, घट्ट रोट्या. रस्सा नाही, चमचा नाही, काही नाही. रोटी तुम्ही स्वतः हाताने कुस्करायची. आणि कुस्करायची म्हणजे काला केल्यासारखी भराभर नव्हे. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे व्हायला हवेत. घाईने मोठे तुकडे केलेत, तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा स्वतःचा वाडगा दाखवून ‘अजून बारीक’ अशी खूण करतील. पंधरावीस मिनिटं सहज जातात. मग तो वाडगा आत जातो, रश्शात उकळून, मटणाचे काप आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया घेऊन परत येतो. सोबत आंबटगोड मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा. ढवळायचं नाही, कडेकडेने खायचं, म्हणजे शेवटपर्यंत गरम राहतं.

इथे माझा मुद्दा आहे. त्या वीस मिनिटांत तुमचे हात गुंतलेले असतात, म्हणून मोबाइल खाली राहतो. मग आजूबाजूचं दिसू लागतं. एखादी आजी नातवाची रोटी कुस्करून देतेय. दोन ऑफिसातले मित्र कुस्करता कुस्करता साहेबाच्या नावाने बोटं मोडताहेत, भाषा कळली नाही तरी चेहऱ्यावरून कळतं. कुठल्याही ‘मस्ट सी’ यादीत हे येत नाही. पण घरी आल्यावर चीन म्हटलं की तुम्हाला आधी ती आजी आठवेल. मत बदलायला एवढं पुरतं.

याच मोहल्ल्यात मोठी मशीद आहे. परंपरेनुसार तिची स्थापना इसवी सन ७४२ ची, आजच्या बहुतेक इमारती मिंग आणि छिंग काळातल्या. घुमट शोधाल तर सापडणार नाही. एकामागून एक अंगणं, लाकडी कमानी, चिनी वळणाची छपरं आणि त्यावर अरबी अक्षरं. चिनी मंदिरं सहसा उत्तर-दक्षिण अक्षावर असतात. ही मशीद मात्र पूर्व-पश्चिम आहे, कारण इथून मक्का पश्चिमेला. नमाजाच्या दालनात मुस्लिमेतरांना जाता येत नाही, अंगणांत मात्र फिरता येतं. बाहेरचा गोंगाट भिंतीपाशीच थांबतो. दहा मिनिटं नुसतं बसा.

फोडणी त्यांच्याकडेही आहे

‘चीन म्हणजे भात’ हे आपण मनाशी पक्कं केलेलं आणखी एक समीकरण. शीआनमध्ये ते लगेच मोडतं. हा गव्हाचा मुलूख आहे. नूडल्स, रोट्या, पाव, सगळं गव्हाचं. शान्शी प्रांताच्या लोकांच्या तऱ्हा सांगणारी एक गमतीची यादी आहे. तिच्यात म्हटलंय की यांच्या नूडल्स कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद, रोट्या भांड्याच्या झाकणाएवढ्या आणि मिरचीचं तेल म्हणजे तोंडी लावणं नव्हे, ती स्वतंत्र भाजीच!

पट्ट्याएवढ्या रुंद त्या ‘ब्यांगब्यांग’ नूडल्स. पिठाची पट्टी दोन्ही हातांनी ताणून ओट्यावर आपटतात, तो आवाज म्हणजे ‘ब्यांग’, असं सांगतात. या शब्दाचं चिनी अक्षर पन्नासहून अधिक रेघांचं आहे. इतकं किचकट की संगणकाच्या युनिकोडमध्ये त्याला २०२० साली जागा मिळाली. दुकानाच्या पाटीवर ते अक्षर दिसतंच. कागदावर काढून बघा, नूडल्स येईपर्यंत वेळ छान जातो.

आता नीट बघा, पुढे काय होतं ते. उकडलेल्या नूडल्सवर लाल तिखट, मीठ, बारीक लसूण आणि पातीचा कांदा ठेवतात आणि वरून कडकडीत तापलेलं तेल ओततात. चर्रर्र! हा आवाज तुमच्या घरातला आहे. आजी कोशिंबिरीवर किंवा तिखटाच्या चटणीवर वरून फोडणी घालते, तोच हा प्रकार. मोहरी-हिंग नाही, पण युक्ती तीच. शिवाय त्या मिरचीचीही मजा आहे. ती ना त्यांची, ना आपली. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून निघून सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि त्याच शतकाच्या अखेरीस चीनमध्ये पोहोचली. आज कोल्हापूरकराला आणि शीआनकराला दोघांनाही वाटतं, तिखट खावं तर आम्हीच!

जिभेला मुंग्या आणणारा सिचुआन मिरीचा दाणा चाखलात, तर कोकणातल्या कुणालाही बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ आठवेल. आठवायलाच हवं. दोन्ही एकाच कुळातली, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत एकाच प्रजातीगटातली झाडं आहेत. शान्शी प्रांतात या मिरीचं मोठं पीक येतं. ‘त्यांचं खाणं म्हणजे काहीतरी विचित्र’ असं म्हणण्याआधी आपल्याच मसाल्याच्या डब्यात एकदा डोकवावं, ते यासाठी.

शाकाहारी मंडळींनी घाबरून थेपल्यांनी बॅग भरू नये. ‘लियांगपी’ नावाच्या थंड नूडल्स असतात. व्हिनेगर, मिरचीचं तेल, काकडी, मोड आलेले मूग आणि गव्हाच्या चिकाचे स्पंजसारखे तुकडे. बहुतेक ठिकाणी त्यात मांस नसतं. ‘वो छ सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे तीन शब्द पाठ करा. तरी विचारून घ्या, कारण वर मांस न घालता खाली मांसाचं पाणी वापरलं तर काही जण ते शाकाहारीच समजतात. मांसाहारी असाल, तर ‘रोउज्यामो’ चुकवू नका. भाजलेल्या गोल पावात बारीक चिरलेलं, तासन् तास शिजलेलं मांस. मोहल्ल्याबाहेर ते डुकराचं असतं, मोहल्ल्यात गाईचं किंवा मेंढीचं. ज्याला जे चालत नाही त्याने ते खाऊ नये. पण न खाणं वेगळं आणि नाक मुरडणं वेगळं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

युआन श्वांगने आपल्याबद्दल काय लिहिलं?

दुसऱ्या दिवशी भिंतीबाहेर, दक्षिणेला जा. तिथे ‘मोठ्या रानहंसाचा मनोरा’ आहे. सात मजले, साधारण ६४ मीटर उंच, विटांचा, साधा आणि देखणा. युआन श्वांगने भारतातून आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून तो इसवी सन ६५२ मध्ये बांधायला घेतला. २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी शीआनला गेले, तेव्हा चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी त्यांना हा मनोरा दाखवला होता. बाहेरच्या चौकात युआन श्वांगचा पुतळा आहे. त्याच्यासोबत सेल्फी काढाच, पण आधी हा माणूस कोण ते माहीत असू द्या.

सरहद्द ओलांडायला बंदी असताना हा भिक्षू चोरून निघाला. वाळवंट, हिमशिखरं, दरोडेखोर असं सगळं पार करत भारतात आला. नालंदात शिकला, देशभर हिंडला आणि इसवी सन ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला. उरलेलं आयुष्य त्याने भाषांतरात घालवलं. वाटेत तो आपल्याकडेही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्याने प्रवासाचा जो वृत्तान्त मागे ठेवला, त्यात ‘महाराष्ट्र’ या देशावर वेगळा मजकूर आहे. इथली माणसं साधी, सरळ आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेतात. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःला विसरून धावतात. लढाईआधी योद्धे मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही त्याने लिहून ठेवलंय. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन आहे, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. बहुतेक अभ्यासक ते अजिंठा मानतात.

आता विचार करा. चौदाशे वर्षांपूर्वी एक परका माणूस येतो, आपलं खाणंपिणं, राग-लोभ बघतो आणि चांगलं-वाईट दोन्ही लिहितो. कौतुकाने वेडा होत नाही, तुच्छतेने नाकही मुरडत नाही. आज आपण आपल्या त्या काळाबद्दल बोलताना त्याचीच साक्ष काढतो. आपण त्याच्या शहरात जाऊन काय लिहून आणणार? ‘बेस्ट नूडल्स एव्हर’ आणि चार इमोजी?

त्याला जमलं, कारण त्याच्याकडे वर्षं होती, असं म्हणाल. खरंय. पण त्याची सवय तीन दिवसांतही उचलता येते. रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत पाच ओळी लिहा. काय पाहिलं, कोण भेटलं, कशाचं नवल वाटलं, काय आवडलं नाही आणि काय कळलंच नाही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची.

मनोऱ्यापासून जवळच संध्याकाळी दिव्यांनी उजळणारा लांबलचक पादचारी रस्ता आहे. तिथे तुमच्या वयाची मुलं-मुली थांग काळातले झगमगीत पोशाख भाड्याने घेऊन, केसांत फुलं माळून फोटो काढत असतात. पहिल्यांदा हसू येतं. मग गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या नऊवारी, नथ आणि बुलेट आठवतात. आपल्या वारशाला मिरवायची हौस, त्यात थोडा अभिमान, थोडं प्रदर्शन आणि बरंचसं इन्स्टाग्राम. त्यांच्याकडे इन्स्टाग्राम नाही, दुसरं ॲप आहे, एवढाच फरक!

आठ हजारांत एक चेहरा

तिसरा दिवस मातीच्या सैन्याचा. मार्च १९७४ मध्ये शीआनच्या पूर्वेला लिंतोंग भागात काही शेतकरी विहीर खणत होते. पाणी लागण्याऐवजी मातीची डोकी लागली. चीनचा पहिला सम्राट छिन श्र ह्वांग इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. त्याच्या कबरीचं रक्षण करायला हे सैन्य पुरलेलं होतं. एकूण आठ हजारांच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे. पहिला खड्डाच २३० मीटर लांब. दारातून आत गेल्यावर क्षणभर बोलणं बंद होतं.

आणि मग गर्दीचे कोपर लागतात. सगळे मोबाइल वर, सगळ्यांचा एकच फोटो. तो एक काढून घ्या आणि मग कडेने पुढे सरका. एक सैनिक निवडा आणि पाच मिनिटं त्यालाच बघा. मिशी कशी आहे, केसांची गाठ कुठे आहे, ओठ किती दाबलेत. शरीराचे भाग साचे वापरून केलेले, पण चेहऱ्यावर हाताने काम झालंय. काही पुतळ्यांवर कारागिरांची नावं आहेत. गौरवासाठी नाही हं. काम वाईट निघालं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. सम्राटाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्या कुंभारांचंही नाव राहिलं, ते असं, धाकापोटी.

आणखी एक. हे पुतळे मुळात रंगवलेले होते, लाल, हिरवे, जांभळे. जमिनीतून बाहेर काढल्यावर कोरड्या हवेत खालचा लाखेचा थर काही मिनिटांत वळून सुटायचा आणि रंग गळून पडायचा. म्हणून आता घाई करत नाहीत. सम्राटाची मुख्य कबर तर अजून उघडलेलीच नाही. आतलं जपण्याची खात्री होईपर्यंत ती मातीखालीच बरी, असा विचार त्यामागे आहे. सगळं आजच्या आज बघून संपवायचं, ही आपली सवय. तिच्यासाठी तो न उघडलेला मातीचा ढिगारा फार चांगला धडा आहे.

‘पण त्यांच्या देशात पैसे का घालवायचे?’

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. विचारायलाही हवा. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. सीमेचा प्रश्न सुटलेला नाही. मुस्लीम मोहल्ल्यातले कबाब चविष्ट आहेत, म्हणून शिनजियांगमध्ये उइगर मुस्लिमांवर जे होतंय ते पुसलं जात नाही; संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात त्याची गंभीर नोंद केली आहे. शीआनच्या रस्त्यांवर जागोजागी कॅमेरे आहेत. गुगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. लोक राजकारणावर अनोळखी माणसाशी बोलत नाहीत आणि तुम्हीही त्यांना त्या पेचात टाकू नये. हे सगळं डोळ्यांआड करून ‘वॉव चायना’ म्हणणं हाही एक प्रकारचा आळसच.

ज्यांना जायचं नाही, त्यांचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण ‘न बघता मत ठेवणं म्हणजे देशप्रेम’ हे मला पटत नाही. ज्या देशाशी आपली सीमा भिडलेली आहे, ज्याच्याशी व्यापारही आहे आणि वादही, त्याला ओळखणारे तरुण आपल्याकडे जास्त हवेत. ओळख म्हणजे मैत्री नव्हे. तिथल्या सरकारवर राग ठेवून तिथल्या आजीच्या वाडग्याकडे कुतूहलाने बघता येतं. दोन्ही एकाच डोक्यात मावतात.

आणि एक गोष्ट घरचीच. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचलहून आलेली मुलं शिकतात. त्यांना ‘चिंकी’ म्हणणारे, ‘तुम्ही कुत्रा खाता का?’ असं हसत विचारणारे आपल्याच वर्गात बसतात. कोविडच्या काळात तर त्यांना ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं. ती मुलं भारतीय आहेत, हे सांगावं लागतं हीच शरमेची गोष्ट. पण थोडं खोलात गेलं तर दिसतं, की ही शिवी जिथून उगवते ती जागा म्हणजे ‘तसे दिसणारे’ सगळे एकच, आणि ते सगळे विचित्र, ही समजूत. एकाच शहरात हुई मुस्लीम, बौद्ध भिक्षू, पट्ट्याएवढ्या नूडल्स आणि फोडणीचा चर्रर्र आवाज अनुभवलेल्या माणसाच्या तोंडून ती शिवी सहजासहजी निघणार नाही, असं मला वाटतं.

जाणार असाल तर

मे महिन्याचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा; तेव्हा सगळा चीन सुट्टीवर असतो. तिकिटं आधी काढा आणि पासपोर्ट सतत जवळ ठेवा, बहुतेक ठिकाणी तोच दाखवावा लागतो. पैसे क्यूआर कोडने देतात. आपल्याला यूपीआयमुळे ते नवं नाही, फक्त अलीपे किंवा वीचॅट घरूनच कार्ड जोडून तयार ठेवा. भाषांतराचं ॲप ऑफलाइन घ्या. ‘नी हाव’ आणि ‘शिए शिए’ एवढं बोलता आलं तरी समोरचा चेहरा फुलतो.

आणि यंदा पासपोर्टही नाही, पैसेही नाहीत, असे बहुतेक जण असणार. त्यांच्यासाठीही काम आहे. तुमच्या होस्टेलवर किंवा वर्गात ईशान्येकडून आलेली एखादी मैत्रीण, मित्र असेल. या रविवारी चायनीजच्या गाडीवर जाण्याऐवजी तिला विचारा, ‘तुझ्या घरी रविवारी काय करतात?’ ती सांगेल. कदाचित करूनही घालेल. तेव्हा मात्र मोबाइल खिशात ठेवा आणि भांडी घासायला थांबा.